धीर किती, ते मोजायचं कसं?

2016 साली मी दहावीला होते. त्या वर्षी बोर्डाच्या परीक्षेआधी आमच्यापुढे आणखी एक परीक्षा आली. हिच्यात कुणीच नापास होणार नव्हतं. तिचं नाव कलचाचणी. शाळेतल्या संगणकांपुढे आम्हाला पाळीपाळीने बसवलं. पडद्यावर प्रश्न यायचे आणि काय आवडतं, काय आवडत नाही ते सांगायचं. अभ्यास करून यायचं नव्हतं, म्हणून आम्ही खूश होतो. शेजारी बसलेली मैत्रीण मात्र हळूच विचारत होती, "अगं, बरोबर उत्तर कुठलं?"

निकालाच्या दिवसांत त्या चाचणीचा कागद हातात आला. माझ्या कागदावर सगळ्यात वरचं क्षेत्र होतं 'ललित कला'. बाबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "कला लिहिलंय ना? मग आर्ट्सलाच घालू." चाचणीत एकूण सात क्षेत्रं होती: कृषी, वाणिज्य, तांत्रिक, आरोग्य व जैविक विज्ञान, गणवेशधारी सेवा, ललित कला, आणि कला व मानव्यविद्या. शेवटची दोन वेगळी आहेत, हे आम्हाला सांगणारं घरात कुणी नव्हतं. ललित कला म्हणजे चित्रं, संगीत, नाटक. मी आर्ट्सला गेले. तिथे मानसशास्त्र हा विषय मिळाला, तो मनापासून आवडला, आणि आज मी त्यातच एम.ए. करते आहे. चुकीच्या वाचनाने माझं बरंच झालं. तो कागद अजून आमच्या पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली आहे.

मला काय आवडतं, ते त्या कागदाने सांगितलं. "हे तुला जमेल असं वाटतं का?" असं मात्र कुणी विचारलं नाही. मोजमापाच्या इतिहासात हा दुसरा प्रश्न फार उशिरा आला. तो कसा आला, आणि आमच्या पोशीरमध्ये तो विचारून पाहिल्यावर काय झालं, ते इथे सांगते.

काम माणसाला निवडायचं

पोशीर हे कर्जत तालुक्यातलं, नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. गावाच्याच नावाची नदी आहे, ती पुढे उल्हासला मिळते. पावसाळ्यात भात, उरलेलं वर्षभर नेरळ स्टेशन गाठून मिळेल ते काम, असा इथला जुना शिरस्ता.

"मोठेपणी काय व्हायचंय?" हा प्रश्न आमच्याकडे फार जुना नाही. शेतकऱ्याचं पोर शेतात, सुताराचं सुतारकीत, कातकऱ्याचं जंगलात नाहीतर वीटभट्टीवर. 1850च्या दशकात रेल्वे कर्जतच्या बाजूला आली. 1850 सालीच ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढले आणि पुढे तिथे थंड हवेचं ठिकाण वसलं. 1907 मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी सुरू झाली. 1915 मध्ये शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला, टाटांचं वीजघर चालू झालं आणि 1922 मध्ये आमच्या तालुक्यातल्या भिवपुरीला दुसरं. अशी एकेक करत कामं गावांच्या दाराशी येत गेली. पण त्यात निवड करणारा माणूस कुणी वेगळाच असायचा. हमालीला पाठ बघायचे, घोड्यामागे पळायला पाय बघायचे, रुळांवर दंड बघायचे.

आणि तरीही याच डोंगरावर, माथेरानमध्ये, 1912 साली एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मलेला विठ्ठल कोतवाल नावाचा मुलगा वकील झाला. हेच आमचे भाई कोतवाल. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले. शाळेत आम्हाला ही गोष्ट बलिदानापासून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. मानसशास्त्र शिकायला लागल्यापासून मला तिच्या आधीचा भाग जास्त कोड्यात टाकतो. वकील व्हायचं हे त्या मुलाला सुचलं कसं? आणि आपल्याला ते जमेल, असं त्याला कशामुळे वाटलं?

आधी बुद्धी, मग आवड

माणूस मोजायची आधुनिक हत्यारं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाली. 1905 मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धी मोजायची पहिली चाचणी बनवली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी, एवढाच तिचा हेतू होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी तीच चाचणी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी घडवली आणि 1940 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. 'बिने-कामत' हे नाव आजही दवाखान्यांत आणि प्रमाणपत्रांवर दिसतं.

पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, अमेरिकेने सैन्यात भरती झालेल्या लाखो तरुणांच्या अशाच चाचण्या घेतल्या. तिथून त्या कारखान्यांत शिरल्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. यांतल्या बऱ्याच चाचण्या निवडणाऱ्याच्या सोयीसाठी होत्या. कोणता माणूस कुठे बसवायचा, हे मालकाला किंवा सैन्याला कळावं म्हणून. दंड बघणाऱ्या मुकादमाच्या हातात आता छापील कागद आला, इतकंच.

याला एक मोठा अपवाद त्याच्या आधीच होऊन गेला होता. 1908 साली बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स नावाच्या गृहस्थांनी तरुणांना काम निवडायला मदत करणारं एक केंद्र उघडलं. त्या शहरात तेव्हा परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची गर्दी होती. त्यांच्या मुलांपुढे नोकऱ्या भरपूर होत्या, पण कोणती आपली ते कळत नव्हतं. पार्सन्स म्हणायचे, तीन गोष्टी करा. स्वतःला ओळखा, कामांची माहिती काढा आणि मग दोन्हींचा नीट विचार करून मेळ घाला. त्याच वर्षी ते वारले. त्यांचं पुस्तक 1909 मध्ये, त्यांच्या मागे छापलं गेलं. आज कुठल्याही करिअर मेळाव्यात जे सांगतात ते थोड्याफार फरकाने हेच असतं.

पुढची पायरी आवड मोजायची. 1927 मध्ये एडवर्ड स्ट्राँग यांनी व्यवसायांची आवड मोजणारी प्रश्नावली अमेरिकेत प्रसिद्ध केली. आपल्या कलचाचणीचं मूळ कुळ हेच.

मुंबईत 1947 साली पारशी पंचायतीने व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं आणि 1950 मध्ये मुंबई सरकारने स्वतःचं. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन हवं म्हटलं, 1964-66 च्या कोठारी आयोगाने ते आणखी खालच्या वर्गापासून हवं म्हटलं. 1962 मध्ये पुण्यात ज्ञानप्रबोधिनी सुरू झाली आणि तिथे मानसशास्त्रीय चाचण्या घेऊन बुद्धिमान मुलं शोधायचं काम चाललं. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा, रायगड हे नाव 1981 पासूनचं. नकाशावर मुंबई आणि पुणे दोन्ही आम्हाला जवळ. पण भातलावणीच्या दिवसांत शाळा बुडवणाऱ्या पोराला ही केंद्रं चंद्राइतकीच लांब होती.

म्हणून 2016 ची कलचाचणी मला आजही महत्त्वाची वाटते. विनोद तावडे शिक्षणमंत्री असताना राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीने ती दहावीच्या सगळ्याच मुलांसाठी आणली. पोशीरच्या मुलीला आणि पुण्याच्या मुलीला एकच प्रश्न विचारले गेले, असं या बाबतीत पहिल्यांदाच झालं. काही वर्षं ती चालली, आधी संगणकावर आणि मग मोबाइलच्या ॲपवर. पण आवड कळली की पुढचं आपोआप होतं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आमच्या वर्गात गणवेशधारी सेवा आलेली कितीतरी मुलं होती. भरती कुठे निघते, अर्ज कसा करतात, उंची किती लागते, हे त्यांच्यापैकी एखाद्यालाच ठाऊक होतं. ज्याला ठाऊक होतं त्याचा काका पोलिसात होता.

सापाला हात लावणारी माणसं

"जमेल का?" या प्रश्नाला शास्त्रात जागा मिळाली ती सापांमुळे. आमच्यासारख्या भातशेतीवाल्यांना हे ऐकून गंमत वाटेल.

1970च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा सापाला भयंकर भिणाऱ्या माणसांवर काम करत होते. या माणसांना आधी विचारलं जायचं: सापाच्या पेटीजवळ जाता येईल का? हात लावता येईल का? मांडीवर घेता येईल का? खात्री किती, ते आकड्यात सांगा. मग काहींना मदतनीसाबरोबर प्रत्यक्ष ते करायला लावलं, काहींना दुसऱ्याला करताना नुसतं पाहायला लावलं, आणि पुन्हा विचारलं. दिसलं असं की माणूस सापाच्या किती जवळ जाईल, हे त्याने सांगितलेल्या खात्रीच्या आकड्यावरून बऱ्यापैकी आधीच कळत होतं. 1977 मध्ये बांडुरांनी यावर जो सिद्धान्त मांडला त्यात अशी खात्री येण्याचे चार रस्ते सांगितले. स्वतः करून पाहणं हा सगळ्यात भक्कम रस्ता. आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहणं हा दुसरा. कुणीतरी "तुला जमेल" म्हणणं हा तिसरा. आणि चौथा आपल्याच अंगातला: छातीत धडधड झाली की माणूस समजतो, हे आपलं काम नव्हे.

हा विचार सापांकडून नोकऱ्यांकडे आणला दोन बायकांनी. 1981 मध्ये नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी कॉलेजातल्या मुलामुलींना वीस व्यवसायांबद्दल विचारलं. त्यांतले दहा तिकडे परंपरेने पुरुषांचे मानलेले होते, दहा बायकांचे. मुलांची खात्री दोन्हीकडे सारखीच निघाली. मुलींची मात्र 'बायकांच्या' कामांत जास्त आणि 'पुरुषांच्या' कामांत कमी. चाचणीत मोजलेल्या कुवतीत मुलं आणि मुली यांच्यात तसा फरक नव्हता. फरक होता तो फक्त "मला जमेल" या वाटण्यात, आणि त्या वाटण्याने कितीतरी दारं आधीच बंद करून टाकली होती.

दोन वर्षांनी, 1983 मध्ये, कॅरन टेलर आणि बेट्झ यांनी करिअर ठरवण्याबाबतची खात्री मोजणारी प्रश्नावली बनवली. पन्नास कामं आणि प्रत्येक कामापुढे 0 ते 9 असे दहा आकडे. ही कामं पाच गटांत मोडतात: स्वतःची पारख, कामधंद्यांची माहिती, ध्येय ठरवणं, आराखडा आखणं आणि अडचण आली तर वाट काढणं. 1996 मध्ये तिची पंचवीस कामांची छोटी आवृत्ती आली. जगभर किशोरवयीन मुलांचा करिअरबाबतचा भरवसा मोजायला आज ही किंवा हिच्यासारखीच प्रश्नावली वापरतात.

एम.ए.च्या प्रकल्पासाठी तिच्याच धर्तीवर मराठीत काही प्रश्न तयार करून ते आमच्या मुलांना विचारायचं मी ठरवलं. गावातल्या अभ्यासिकेत रविवारी दहा-बारा मुलं येतात, दहावी-अकरावीची. त्यांच्यापासून सुरुवात केली.

आत्मविश्वास म्हणजे भाषण

पहिल्याच शब्दाशी गाडी अडली. प्रश्न होता, "अमुक करण्याचा तुमचा आत्मविश्वास किती?" मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "ताई, मला स्टेजची भीती वाटते." मला आधी कळेचना, स्टेज कुठून आलं. मग लक्षात आलं की शाळेत आत्मविश्वास हा शब्द वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशीच बाहेर निघतो. "आत्मविश्वासाने बोल, खाली बघू नकोस." त्यांच्या लेखी आत्मविश्वास म्हणजे भाषण.

मग 'खात्री' घालून पाहिला. खात्री किती? मुलं म्हणाली, खात्री कशी असणार, पुढचं कुणाला माहीत. तेही खरंच होतं. 'भरवसा' घातला, तर एका मुलीने विचारलं, "कुणावर?" भरवसा दुसऱ्यावर ठेवायचा असतो, स्वतःवर कसा ठेवणार?

शेवटी मी आईला विचारलं. तिने शेंगा फोडता फोडता सांगितलं, "धीर होतो का, असं विचार की."

हा शब्द सगळ्यांना कळला. एकट्याने पनवेलच्या कॉलेजात जाऊन चौकशी करायचा धीर होईल का? अनोळखी माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारायचा धीर होईल का? मुलं भराभर उत्तरं द्यायला लागली. 0 ते 9 ऐवजी मी पाच पायऱ्या ठेवल्या, मुळीच नाही पासून पूर्णपणे पर्यंत.

त्या रात्री मी बराच वेळ या शब्दाचा विचार करत होते. आत्मविश्वास या शब्दातच 'आत्म' आहे. तो ज्याचा त्याचा, ज्याच्याकडे नाही त्याचाच तो दोष. धीराचं तसं नसतं. धीर सुटतो, खचतो, धरावा लागतो. आणि मुख्य म्हणजे मराठीत धीर देता येतो. आजारपणात, मयताला, परीक्षेच्या सकाळी आपण कुणाला तरी धीर देतो. बांडुरांच्या चार रस्त्यांपैकी दोन रस्ते, दुसऱ्याला पाहणं आणि दुसऱ्याने म्हणणं, तिथून जगात कुठेही दुसरा माणूस असल्याशिवाय जाता येत नाही. आईच्या शब्दात ते आधीपासून होतं.

मुलांचे आकडे मी इथे देत नाही. दहा-बारा मुलांच्या सरासरीला काही अर्थ नसतो. दोन गोष्टी मात्र सांगते. काही मुलांनी सगळीकडे वरचीच पायरी निवडली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "कमी लिहिलं तर कसं दिसेल?" 2016 च्या माझ्या मैत्रिणीचाच तो प्रश्न, बरोबर उत्तर कुठलं. दुसरी गोष्ट, जिथे खरोखर कमी आलं तिथे ते जवळजवळ नेहमी एकाच गटात आलं: कामधंद्यांची माहिती. स्वतःची पारख मुलांना आहे. कोण हुशार, कोण चिवट, कोणाला गणित येतं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना माणसं माहीत नाहीत.

वरच्या गावातली

माझी मामेबहीण पोशीर नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात राहते. या वर्षी ती दहावीला. सुट्टीत आमच्याकडे आली तेव्हा तिनेही प्रश्नावली भरली.

तिच्या गावाबद्दल थोडं सांगायला हवं. मे 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोशीर धरणाला मंजुरी दिली. खर्च सुमारे 6,394 कोटी, साठा सुमारे 12.34 टीएमसी. पाणी प्रामुख्याने मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांना जाणार. त्याच तालुक्यात शिलार धरणालाही मंजुरी मिळाली. शंभर वर्षांपूर्वी इथल्या वीजघरांनी मुंबईला दिवे दिले. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी पुढे राजनाल्यात येतं आणि त्यावर कर्जतमधली कितीतरी गावं उन्हाळी भात पिकवतात, म्हणजे त्या वेळी तालुक्याच्या पदरातही काही पडलं. या वेळी काय पडेल, याची चर्चा वरच्या गावांत रोज संध्याकाळी पारावर चालते. मामाचं घर पाणलोटात येतं.

बहिणीच्या कागदावर बहुतेक ठिकाणी मधली पायरी होती. एका प्रश्नाचं उत्तर तिने दिलंच नव्हतं: पुढच्या पाच वर्षांत काय काय करायचं त्याचा आराखडा आखता येईल का? आणि एका ठिकाणी सगळ्यात खालची पायरी: आवडत्या कामाची माहिती काढता येईल का?

"आवडतं काम कुठलं पण?" मी विचारलं.

ती लाजली. मग म्हणाली, "ते मोजायचं."

त्यांच्याकडे मोजणीला माणसं येऊन गेली होती. तिपाई, वर यंत्र, लांब रंगीत काठ्या. गावातले म्हातारे बांधावर उभे राहून बघत होते, काही रागावलेही होते. ही शाळेतून आल्यावर रोज तिथे जायची. "त्यात एक बाई होती ताई. टोपी घातलेली. तीच यंत्रातून बघायची आणि बाकीच्यांना सांगायची, इकडे सरका, तिकडे सरका. सगळे ऐकायचे."

आपलंच घर मोजणाऱ्या माणसांना पाहून या मुलीला ते काम करावंसं वाटलं. मामाला हे अजून सांगितलं नव्हतं. "बाबांना वाईट वाटेल," ती म्हणाली. बेट्झ आणि हॅकेट यांना 1981 मध्ये जे पुरुषी काम वाटलं असतं ते एक बाई करताना हिने चार दिवस पाहिलं होतं, आणि तेवढ्याने दार किलकिलं झालं होतं. पुढे काय करायचं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते काम कुणाचं, शिकतात कुठे, त्याला नाव काय, काहीच नाही. तिने खालची पायरी निवडली ती अगदी प्रामाणिकपणे.

आम्ही दोघी मोबाइल घेऊन बसलो. आयटीआयमध्ये सर्वेक्षक नावाचा ट्रेड असतो. दहावीनंतर दोन वर्षांचा. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून पद असतं आणि त्या भरतीला हा ट्रेड केलेली मुलं चालतात. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका करूनही तिथे जाता येतं. हे शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. 2020 पासून राज्याचं युनिसेफच्या मदतीने केलेलं महाकरिअर पोर्टलही आहे, नववी ते बारावीच्या मुलांसाठी. माहिती होती, फक्त तिच्या गावापर्यंत पोचलेली नव्हती. मग माझ्या ओळखीतल्या एका सर्वेक्षकाला फोन लावला. ते पंधरा मिनिटं बोलले. उन्हात उभं राहावं लागतं, लोक शिव्या घालतात, त्रिकोणमिती यायलाच पाहिजे, असं सगळं सांगितलं. ती वहीत लिहून घेत होती.

आकडा कुणाचा

त्या दिवशी संध्याकाळी तिने पुन्हा प्रश्नावली भरली. माहिती काढता येईल का, या प्रश्नाला खालून पहिली असलेली पायरी चौथी झाली. सकाळची मुलगी आणि संध्याकाळची मुलगी एकच होती. तिची बुद्धी वाढली नव्हती, आवड बदलली नव्हती, स्वभावही तोच. मधे एक अर्धा तास आणि एक फोन झाला होता.

म्हणून मला आता असं वाटतं की मुलांच्या धीराचा आकडा आपण चुकीच्या नावाने लिहितो. तो मुलाच्या नावापुढे लिहितात, पण त्यात बरेचसे गुण आपले असतात: शिक्षकांचे, नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे, गावातून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांचे. पोलिसातला काका असलेल्या मुलाचा आकडा जास्त आला तर तो निम्मा काकाचा. शास्त्रानेही हे नंतर मान्य केलं. 1994 मध्ये लेंट, ब्राऊन आणि हॅकेट यांनी मांडलेल्या सिद्धान्तात माणसाच्या खात्रीबरोबर त्याच्या भोवतीचे आधार आणि अडथळेही धरले. आपल्याकडे बंगळूरचे गिडिअन अरुलमणी यांनी मुलांची घरची परिस्थिती आणि करिअरबद्दलच्या त्यांच्या समजुती यांचा संबंध तपासला आहे. गरीब घरात "आपल्याला काय करायचंय शिकून" ही समजूत मुलाच्या मनात आपोआप उगवत नाही. आजूबाजूला तसंच घडताना त्याने पाहिलेलं असतं.

हे वाचणारे तुम्ही वीस-पंचवीसचे असाल आणि गावातून किंवा चाळीतून पहिल्यांदा कुठल्या तरी कामात शिरला असाल, तर तुमच्या मागच्या मुलांच्या आकड्यात तुमचा वाटा आहे. कोतवालांना वकील व्हायचा धीर कुणी दिला, ते माझ्या हाती लागलेलं नाही. पण कुणीतरी दिला असणार, यावर आता माझा भरवसा आहे.

आता राहिला तो न भरलेला प्रश्न, पाच वर्षांच्या आराखड्याचा. दुसऱ्यांदाही तिने तो सोडला. मी म्हटलं, "आता तर सगळं कळलं ना? दोन वर्षं आयटीआय, मग भरतीचा अभ्यास." तिने पेन उचललं आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, "घर कुठे असेल त्यावर."

ते वाचून मी गप्प बसले. आयटीआय कोणतं, बस कुठून पकडायची, पैसे केव्हा येतील, मामा-मामी कुठे राहतील, हे सगळं तिच्या हातात नाही आणि माझ्याही नाही. फोन लावून ते कळत नाही. ज्यांना ते ठरवायचं आहे त्यांनी ठरवून, वेळेवर आणि लेखी सांगेपर्यंत इथे कुठली पायरी निवडणं खोटंच झालं असतं. नववी-दहावीच्या कितीतरी मुलांच्या कोऱ्या उत्तरांमागे असाच काहीतरी हिशेब असेल, आणि आपण त्याला आळस म्हणत असू.

प्रकल्पाच्या नियमांप्रमाणे उत्तर सुटलं असेल तर त्या जागी इतरांची सरासरी भरायची सोय असते. तेवढ्याने तक्ता पूर्ण होतो. मी तिला विचारून ती जागा कोरी ठेवली आणि तिचं वाक्य तळटीपेत जसंच्या तसं लिहिलं. मामाला तिने मागच्या आठवड्यात सांगितलं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विचारलं म्हणे, "त्या यंत्राला काय म्हणतात?"